वर्षाच्या आत मध नको



माझी लेक आता वर्षाची होईल.
दिवाणाला धरून उभी राहते.
वरणभात स्वतःच्या हाताने खाते.
निम्मा सांडतो… सांडू दे, हात असाच शिकतो.

परवा आजी प्रेमाने म्हणाल्या,
"बोटभर मध चाटव गं."
मी नको म्हटलं. कारण सांगते.

मधात कधी कधी बॉट्युलिझमचे जंतू सुप्त असतात.
मोठ्यांना ते सहसा बाधत नाहीत.
तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढू शकतात…
विष तयार करतात.
मध घरी उकळला, तरी ते मरत नाहीत.

म्हणून पुन्हा सांगते,
वर्षाच्या आत मध नको.
चाटणात नको… बाळगुटीतही नको.

आणि हो,
9 महिन्यांनंतरची गोवर-रुबेलाची लस राहिली असेल,
तर जवळच्या आरोग्य केंद्रात लवकर जा.