कप्पा, काळी वाळू आणि बेकरेलचा हिशेब



विषयाची पाटी वाचून उपासाची साबुदाणा खिचडी बंद करायची का, असं दोघाचौघांनी दारातच विचारलं. नका करू. साबुदाणा तमिळनाडूतल्या सेलम भागातून येतो, टॅपिओकाच्या कंदापासून होतो. कंद किसून, धुऊन नुसतं पिठूळ सत्त्व काढताना त्यातलं पोटॅशियम जवळजवळ सगळं निघून जातं. किरणोत्साराचाच धाक असेल, तर खिचडीत साबुदाण्यापेक्षा बटाट्याच्या फोडी जास्त 'गुन्हेगार' ठरतील!

कारण कंदमुळांतला किरणोत्सार मुख्यतः पोटॅशियमचा. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंत एखादा अणू पोटॅशियम-४० चा असतो. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये दर सेकंदाला सुमारे ३१ अणूंचं विघटन होतं, म्हणजे ३१ बेकरेल. अर्धा किलो टॅपिओका खाल्लात, तर पोटात चाळीसेक बेकरेल गेले. आकडा ऐकून दचकायला होतं. पण इथे बसलेल्या प्रत्येकाच्या अंगात मुळातच सव्वाशे-दीडशे ग्रॅम पोटॅशियम आहे, म्हणजे चार हजारांच्या आसपास बेकरेल. आणि शरीर पोटॅशियमचा साठा ठरावीक पातळीवर ठेवतं, जादा आलेलं मूत्रपिंडं बाहेर टाकतात. रताळी दुप्पट खाल्ली म्हणून पोटॅशियमचा डोस दुप्पट होत नाही. तो वर्षाला ०.१७ मिलिसिव्हर्टच्या आसपास राहतो. निसर्गाकडून आपल्याला मिळणारा एकूण डोस जगाच्या सरासरीने २.४. त्यातला मोठा वाटा हवेतल्या रेडॉनचा, ताटातल्या अन्नाचा नव्हे.

इथेच थांबलो तर मात्र अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. केरळात कोल्लम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, नींडकरा-चवरा ते करुनागप्पळ्ळी या पट्ट्यात, वाळू काळसर दिसते. तिच्यात मोनाझाइट नावाचं खनिज असतं आणि त्यात आठ-दहा टक्के थोरियम ऑक्साइड. १९०९ मध्ये शॉमबर्ग नावाच्या जर्मन रसायनज्ञाला हे मोनाझाइट सापडलं ते त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत! तेव्हा थोरियमला भाव होता तो गॅसबत्तीच्या मेंटलसाठी. अणुशक्तीचं नावही कुणी घेत नव्हतं. याच किनाऱ्यावरचा माणूस कप्पा, म्हणजे टॅपिओका, पोटभर खातो. हे पीक त्रावणकोरात रुजवण्याचं श्रेय विशाखम तिरुनाळ महाराजांना देतात. १९४२ मध्ये ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, तेव्हा या कंदाने कित्येक घरं तगवली.

या मातीतल्या कंदात काय उतरतं? थोरियम फारसं विरघळत नाही, मातीलाच धरून बसतं. त्याच्या साखळीतलं रेडियम-२२८ मात्र मुळांत थोडंफार शिरतं. रेडियमची गत पोटॅशियमसारखी नाही. शरीर त्याला कॅल्शियमचा भाऊबंद समजतं, हाडात नेऊन ठेवतं आणि वर्षानुवर्षं सोडत नाही. म्हणून नुसते बेकरेल मोजून धोका कळत नाही. ते कोणत्या मूलद्रव्याचे आणि शरीर त्याचं काय करतं, हे विचारावं लागतं. रेडियमचा एक बेकरेल पोटॅशियमच्या कित्येक बेकरेलांना भारी पडतो. कंद खळाळून धुवावा आणि साल जाड काढावी, हे त्या भागात म्हणूनच मोलाचं, कारण वाळू चिकटते ती सालीला.

मग तिथे कर्करोग जास्त आहे का? तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरने करुनागप्पळ्ळीतल्या ६९,९५८ माणसांवर सरासरी साडेदहा वर्षं नजर ठेवली. काही जागी जमिनीतून येणारा किरणोत्सार वर्षाला ७० मिलिग्रेपर्यंत जातो. २००५ अखेरपर्यंत कर्करोगाचे १,३७९ रुग्ण नोंदले गेले. किरणोत्सार वाढला तसं कर्करोगाचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. 'किरणोत्सार निर्धोक' असं प्रमाणपत्र यातून मिळत नाही. बारीकसा धोका असेल, तर तो एवढ्या संख्येतही लपून राहू शकतो. शिवाय मोजला तो प्रामुख्याने जमिनीतून येणारा गॅमा किरणोत्सार, ताटातलं रेडियम नव्हे. पण मोठा धोका असता, तर लपला नसता.

याच कंदाचा दुसरा दोष मात्र डोळ्यांदेखत माणसं अधू करतो. टॅपिओकात लिनामरिन असतं, त्यातून सायनाइड सुटतं. कडू जातींत जास्त. १९८१ मध्ये मोझांबिकच्या नांपुला प्रांतात दुष्काळ पडला. कडू कंद भिजवायला-वाळवायला उसंत नव्हती, जोडीला डाळ-मासळी नव्हती. हजारावर माणसांचे, त्यातही बायका-मुलांचे, पाय कायमचे अधू झाले. या आजाराला कोंझो म्हणतात. केरळात कप्पा भरपूर पाण्यात उकडून पाणी ओतून देतात आणि वर मासळीचं कालवण घेतात. मासळीतल्या प्रथिनांमधून मिळणाऱ्या गंधकाच्या जोरावर शरीर उरल्यासुरल्या सायनाइडचं थायोसायनेट करून बाहेर टाकतं. किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर यंत्राला यातलं काहीच ऐकू येत नाही. नांपुल्यातल्या त्या कंदांवर ते धरलं असतं, तरी टिकटिक आपल्या रताळ्याइतकीच झाली असती.