सोडावॉटरची गोटी



आत्ता माझी ओळख 'जीवाश्मांचे अभ्यासक' अशी करून दिली गेली. त्या अभ्यासाची सुरुवात याच शाळेत, एका फजितीने झाली.

सातवीत होतो. एक्सरच्या बाजूला एका इमारतीचा पाया खणला होता. तिथून दप्तर भरून शिंपले आणले आणि भूगोलाच्या तासाला जाहीर केलं, "बाई, इथे पूर्वी समुद्र होता!" बाईंनी दप्तर टेबलावर ओतायला लावलं. तिसऱ्यांचे शिंपले सगळे सुटे, कडा झिजलेल्या; एकही जोडी शाबूत नाही. त्यांतच गोड्या पाण्यातली एक गोगलगाय, कौलाचा तुकडा आणि सोडावॉटरच्या बाटलीतली गोटी. बाईंनी विचारलं, "समुद्रात सोडा विकायला कोण बसलं होतं?" वर्ग हसला. ती ट्रकने आणून टाकलेली भरणी होती. शिंपले कितीही जुने असोत, ढीग त्या गोटीपेक्षा जुना असणं शक्य नव्हतं.

हे मला पाठ होतं, तरी पुढे पुन्हा फसलो.

नेवाशाला प्रवरेकाठी डॉ. सांकळियांनी 1954 पासून काम केलं, ते तुम्ही ऐकलं असेल. त्या परिसरात नदीच्या गोट्यांच्या थरांत अश्मयुगीन हातकुऱ्हाडी मिळतात आणि रानबैलाचे जीवाश्मही. विद्यार्थी असताना मला बैलाचा दात आणि हातकुऱ्हाड हातभर अंतरावर मिळाली. रात्रभर बसून मी माणूस, शिकार, गवताळ माळ असं सगळं चित्र लिहून काढलं. मार्गदर्शकांनी न वाचताच दोन्ही वस्तू माझ्या तळहातावर ठेवल्या. दाताच्या कडा धारदार. कुऱ्हाड मात्र वापरलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. एक जवळून आलेला, दुसरी बरीच गडगडत आलेली. कदाचित आधीच्या एखाद्या थरातून उखडून. त्यांची गाठ नदीने घातली होती. बारा पानं फाडली. आजही ती आठवली की कान गरम होतात.

याउलट आपल्या वरळीचे बेडूक. लाव्हाच्या थरांमधल्या गाळात ते सापडले, रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं. वय सहा कोटी वर्षांहून अधिक. इवलेसे सांगाडे, पण हाडं जागच्या जागी. बेडकाचं हाड म्हणजे काडी. लांबून वाहत आलं असतं तर सांगाडा विस्कटला असता. म्हणून लाव्हाच्या दोन उद्रेकांमध्ये तिथे शांत तळं होतं, हे छातीठोकपणे सांगता येतं. प्रवरेच्या त्या खड्ड्याबद्दल मी इतकंच सांगेन की तिथून नदी गेली.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, ती गोटी तुम्ही तेव्हा जप्त केली होती. अजून परत मिळालेली नाही.