हुकूम नको, सोबत हवी

कारंजा घाडगे तालुक्यातील संत्र्याच्या बागांत दिवसभर राबून सायंकाळी घरी परतणाऱ्या प्रत्येक पालकास माझी एक नम्र विनंती आहे.

मुलाला ‘वाच’ असे फर्मावू नका;
त्याच्याजवळ बसून स्वतः वाचा.

मुलग्यांना वाचनाचा मुळातच तिटकारा असतो, हा समज निराधार आहे.
त्यांना हवे असते धाडस, वेग आणि गंमत.

हे मर्म बालसाहित्यकार भा. रा. भागवतांनी अचूक ओळखले होते.
१९५१ साली त्यांनी ‘बालमित्र’ मासिक सुरू केले, आणि पुढे फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजेच आपला फास्टर फेणे, पुस्तकांतून मुलांच्या भेटीस आणला.
तो काटकुळा पोरगा सायकलवर टांग मारून निघाला, ‘ट्टॉक्’ असा आवाज त्याने काढला, की पान उलटल्यावाचून वाचकास राहवतच नाही.

म्हणून पुस्तक निवडण्याचा अखत्यार मुलास द्या.
क्रिकेट, किल्ले, यंत्रे, साप, विषय कोणताही असो;
त्याची आवड प्रमाण माना.
पुस्तक अर्धवट टाकले, तरी जाब विचारू नका.

रात्री जेवणानंतर एक पान वडिलांनी, एक पान मुलाने, असे मोठ्याने वाचा.

पुन्हा सांगतो:
हुकूम नको, सोबत हवी.

आज रात्रीच आरंभ करा.