खवट खोबरे आणि लायपेज



पावसाळ्यात डब्यातले खोबरे खवट झाले की आपण फेकून देतो. त्याला साबणासारखी चव येते कुठून? ओल लागली की बुरशी धरते. ती लायपेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, सोडते. ते पाण्याच्या मदतीने तेलाचे रेणू फोडते, लॉरिक आम्ल मोकळे होते आणि तोंड वाकडे होते.

डबा नासवणाऱ्या याच चोराला कारखान्यांनी चाकरीला ठेवले आहे. १९८८ साली डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने बुरशीचे लायपेज धुण्याच्या पावडरीसाठी बाजारात आणले. तेलाचे डाग तेच फोडते. औषधनिर्मितीत तर आरशातल्या प्रतिमेसारख्या दोन रेणूंतला नेमका एक ते निवडते. इतकी नजर आपल्यालाही नाही!

चीजचा प्रश्न मात्र आपल्या घरचा आहे. काही चीजना तिखट चव यावी म्हणून वासराच्या किंवा करडाच्या ग्रंथीतले लायपेज घालतात. सूक्ष्मजीवांपासून काढलेलेही मिळते. परदेशाहून कोणी चीज आणले, वेष्टनावर नुसते ‘एन्झाइम’ छापलेले, आणि अम्मीने विचारले, "हे हलाल आहे का रे?" तर विज्ञान शिकणाऱ्या मुलाने गप्प बसू नये. ते कशापासून काढले, असे कंपनीला पत्र टाकून विचारावे. पत्र लिहायला मी मदत करीन.