हरलेल्याच्या मागं

परभणीहून वसमतकडे निघालं की वाटेत हट्टा लागतं. हा सगळा हळदीचा पट्टा. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. होळीच्या आगेमागे हळद निघते, शिजते, वाळत पडते आणि नेमक्या त्याच दिवसांत गावोगावच्या जत्रा सुरू होतात. जत्रा म्हटली की कुस्त्यांची दंगल आलीच. दिवसभर हळदीत राबून पिवळे पडलेले हात संध्याकाळी आखाड्याच्या कडेला टाळ्या वाजवायला हजर असतात.

दंगल सुरू होते ती पोरासोरांच्या कुस्त्यांनी, रेवड्यांवर नाहीतर नारळावर. हलगी कडाडत असते. मग हळूहळू इनाम वाढत जातं, पंच जोड पारखून लावतात, आणि अंधार पडता पडता मानाची कुस्ती. जाणते प्रेक्षक नुसता शेवटचा डाव बघत नाहीत. पट काढायला कोण खाली वाकतो, कोणाचा दम आधी सुटतो, याच्यावर त्यांची नजर असते.

कुस्ती चितपट झाली की एक ठरलेला प्रकार होतो. जिंकलेला पैलवान अंगावरच्या मातीसकट सगळ्या गर्दीतून फेरी मारतो. कोणी दहा देतं, कोणी वीस, एखादा हौशी शंभराची नोट काढतो. तेवढ्या वेळात हरलेला पाठीची माती झटकून, कपडे उचलून गर्दीतून वाट काढत निघालेला असतो. तो कोणत्या गावचा, घरी जाऊन काय सांगणार, हे कोणी विचारत नाही. तोवर पुढची जोड लागलेली असते.

तो घरी जाऊन काय सांगणार, हे मला कादंबरीत सापडतं. म्हणून दंगलीहून आल्यावर मी कादंबरी उघडतो.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ घ्या. 1955 सालची, दोन-तीन बैठकांत संपणारी कादंबरी. धनगरांच्या वाडीवर एक तरुण मास्तर येतो. गावाला गोळा करून श्रमदानातून तालीम उभी करतो. उद्घाटनाला खुद्द औंधचे राजे येतात. दंगल असती तर हलगी इथंच थांबली असती. तालीम झाली, गाव जिंकलं! माडगूळकर मात्र पुढं लिहितात. पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जातात. ज्यांनी घाम गाळून तालीम बांधली, त्यांनाच ती मागं टाकावी लागते.

आपल्या मराठवाड्यातली रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ 1971 सालची. त्यात गावातल्या एका शिंप्याची पडझड त्याची बायको सांगते, अस्सल आपल्या बोलीत. नवऱ्याचा हेका तिला दिसतो आणि त्याची तगमगही. गाव चार शब्दांत निकाल देऊन मोकळं होतं. बाईला तसं मोकळं होता येत नाही, आणि वाचणाऱ्यालाही.

आता कोणी म्हणेल, मोठ्या पैलवानांना हरणं कुठं ठाऊक असतं? असतं की. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचे राहुल आवारे 2016 च्या ऑलिम्पिकला जाऊ शकले नाहीत. पुढं 2018 मध्ये त्यांनी राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवलं. पदकांची बातमी सगळ्यांनी वाचली. मधली दोन वर्षं त्यांनी कशी काढली, हा कादंबरीचा विषय आहे.

कादंबऱ्या वाचणाऱ्या प्रेक्षकाला यातून एक खोड लागते. दंगलीला जाताना तो खिशात दोन नोटा ठेवतो. एक जिंकलेल्याला देतो, आणि दुसरी घेऊन गर्दीच्या बाहेर जातो, कपडे चढवत उभ्या असलेल्या पोराला हाक मारतो, “कोणत्या गावचा रे बाबा तू? झुंज चांगली दिलीस.” यंदाच्या जत्रेत तुम्हीही एवढं करून बघा.