डॉक्टर व्हिएगस यांच्या नांवाची पाटी
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं पूर्वजांचें स्मरण करावें, ही आपली जुनी रीत आहे. आज ज्या थोर गृहस्थांविषयीं आम्ही चार शब्द बोलणार आहों, ते आपल्या धर्मग्रामाचे नव्हत; उल्हासनगर हें नांवही त्यांच्या कानीं पडलें नसेल. तथापि त्यांच्या नांवाची पाटी आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिली असेल. मुंबईस काळबादेवीजवळ कावेल येथें आरोग्यमातेचें मंदिर आहे. तेथें जाणारा भाविक डॉक्टर व्हिएगस स्ट्रीट या रस्त्यानें जातो. पाटी वाचावी, क्रमांक शोधावा आणि पुढें चालूं लागावें, एवढाच तिच्याशीं आपला संबंध राहतो. हे व्हिएगस कोण, असें किती जणांनीं विचारिलें असेल?

डॉ. आकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजीं गोव्यांतील बारदेश प्रांतीं हडफडें गांवीं झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकून ते १८८० सालीं डॉक्टर झाले व मांडवी भागांत रोगी तपासूं लागले. १८८८ सालीं ते नगरपालिकेवर निवडून आले. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारी, दाटीचे वाडे आणि कोंदट खोल्या. आपली गाडी मशीद स्टेशनावरून जाते, तेव्हां हाच भाग शेजारीं असतो.

१८९६ च्या सप्टेंबरांत त्या भागांत तापानें व गांठींनीं माणसें पटापट मरूं लागलीं. २३ सप्टेंबर रोजीं डॉ. व्हिएगस यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे प्लेग आहे. हा शब्द उच्चारणें सोपें नव्हतें. मुंबई व्यापारावर जगणारें बंदर; प्लेगाचें नांव निघतांच परदेशचीं बंदरें तिच्या जहाजांस अडविणार, हें उघड होतें. म्हणून पुष्कळांस तें नांव नकोसें वाटलें. परंतु नांव झांकल्यानें रोग झांकत नाहीं. पुढें इतर तज्ज्ञांच्या तपासणींत त्यांचेंच निदान खरें ठरलें.

यानंतरचा काळ मोठा कठीण गेला. लक्षावधि लोक शहर सोडून निघाले. इस्पितळांत नेलेला मनुष्य परत येत नाहीं, या भीतीनें आप्त रोग्यास लपवूं लागले. ऑक्टोबरांत आर्थर रोड इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला. सरकारी उपायांत कठोरपणा होता आणि त्याची झळ गरिबांसच अधिक लागली, हेंही आम्हीं विसरूं नये. उंदरांवरील पिसवा हा रोग पसरवितात, हें सिमाँ या शास्त्रज्ञानें १८९८ सालीं दाखविलें. तोंपर्यंत अंधारांतच झुंज चालली होती. हाफकिन यांनीं लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. ती लोकांपर्यंत पोहोंचवावयास मात्र विश्वासाचा हात लागतो. डॉ. व्हिएगस यांनीं सुमारे १८,००० लोकांस स्वतः टोचलें असें सांगतात. शिक्षणाविषयींही त्यांस कळकळ होती. १९०६ सालीं ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. एतद्देशीय ख्रिस्ती लोकांत हा मान मिळालेले ते पहिले. १९३३ सालीं ते निवर्तले. धोबी तलावाजवळ, मेट्रो सिनेमासमोर, त्यांचा पुतळा आहे.

प्रियजनहो, त्या सांथींत आपल्या बांधवांनीं गिरगांवांत व वांद्र्यांत जागोजागीं क्रूस उभारिले. त्यांपैकीं कित्येक आजही उभे आहेत. क्रूसापुढें गुडघे टेकणारे आणि रोग्याच्या उशाशीं बसणारे, दोघेही आपलेच. प्रार्थना आणि सेवा या एकाच घराच्या दोन भिंती होत. एक पडली तर दुसरीवर छप्पर राहत नाहीं.

आपल्या वस्तीचें नांव कॅम्प एक. युद्धकाळांत येथें लष्करी छावणी होती. १९४७ नंतर घरदार गमावलेले सिंधी बांधव येथें आले, व १९४९ सालीं उल्हासनगर हें नांव पडलें. म्हणजे आपला पत्ताही दुसऱ्यांच्या दुःखाची पाटीच आहे. अशा गांवीं राहून आम्ही गप्प बसावें काय? वालधुनीचें पाणी काळें झालेलें पाहून आम्ही नाकास रुमाल लावून पूल ओलांडतों. २०२० च्या सांथींत शेजाऱ्याच्या दारास कडी लागली, तेव्हां आम्हांपैकीं कोणी जेवणाचा डबा नेला, तर कोणी खिडकी लावून घेतली. आपापलें अंतःकरण आपणांस ओळखतें.

रस्त्यास आपलें नांव लाभावें, अशी इच्छा आम्ही करूं नये. दिसलेलें संकट वेळींच सांगण्याचें धैर्य आणि सांगून झाल्यावर तेथेंच थांबून सेवा करण्याचें बळ परमेश्वरानें आम्हांस द्यावें, एवढेंच या महोत्सवाच्या दिवशीं मागूं या. आणि पुढच्या खेपेस कावेलला जाल, तेव्हां त्या पाटीखालीं क्षणभर थांबा. सोबत मुलें असतील तर तीं अक्षरें त्यांजकडून मोठ्यानें वाचवून घ्या, आणि हे गृहस्थ कोण होते तें त्यांस सांगा.