पाण्याच्या वाटेने जॉर्डन

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबांचा परदेशप्रवास दोन निमित्तांनी घडतो. एक उमराह, आणि दुसरे आखातात नोकरीस असलेल्या माणसाकडे जाणे. या दोन्ही ठिकाणांहून जॉर्डन हा देश विमानाने फार दूर नाही. म्हणून हल्ली अनेक पालक विचारतात, "सर, हातात पाच-सहा दिवस आहेत, मुलांना जॉर्डन दाखवून आणू का?" विचार उत्तम आहे. परंतु त्यांच्या हातातील सहलीचे पत्रक पाहिले की मला धास्ती वाटते. पाच दिवसांत अठरा ठिकाणे! मुलगा परत आल्यावर त्याच्यापाशी छायाचित्रे असतात. त्यातले कोणते कुठले, हे मात्र त्याला सांगता येत नाही. घाम गाळून मिळवलेल्या पैशाचे हे चीज नव्हे.

देश लहान आहे. क्षेत्रफळ सुमारे ८९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. पण तेवढ्यात उत्तरेला ओक आणि पाइनची राने व ऑलिव्हचे मळे आहेत, पश्चिमेला समुद्रसपाटीच्या चारशे मीटरहून अधिक खाली असलेला मृत समुद्र आहे, आणि दक्षिणेला तांबड्या वाळूतून १८५४ मीटरपर्यंत चढत गेलेले डोंगर आहेत. भग्नावशेषांचे विचाराल तर नबाती, रोमन, उमय्या, क्रुसेडर, अय्यूबी अशी एकावर एक रचलेली चळतच आहे. हे सारे पाहू म्हणाल तर काहीच पाहून होणार नाही.

म्हणून माझी सूचना सरळ आहे. प्रवासाला निघताना एकच प्रश्न बरोबर घ्या, आणि काय पाहायचे व काय गाळायचे ते त्या प्रश्नालाच ठरवू द्या. जॉर्डनसाठी मी मुलांना हा प्रश्न देतो: इथल्या लोकांनी पाणी कुठून आणले?

हा प्रश्न मी ओढूनताणून काढलेला नाही. जगातील सर्वांत तहानलेल्या देशांत जॉर्डनची गणना होते. माणशी वर्षाला ५०० घनमीटरपेक्षा कमी पाणी असले की त्याला तीव्र टंचाई म्हणतात. जॉर्डनमध्ये ते १०० घनमीटरही नाही. राजधानी अम्मानमध्ये पुष्कळ घरांना नळाचे पाणी आठवड्यातून एखाद्या दिवशी येते, आणि प्रत्येक गच्चीवर टाक्यांची रांग दिसते. एप्रिल-मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या वाड्यावस्त्यांतील मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता मार्ग पाहू. नकाशा मुलांनाच काढायला लावा. गेलेल्या रस्त्याने परत यायचे नाही, एवढीच अट घाला. पाच रात्री धरल्या तर पहिल्या दोन अम्मानला, पुढच्या दोन पेट्राजवळ आणि शेवटची वादी रममध्ये, असा हिशेब बसतो.

अम्मानला जुन्या गढीच्या टेकडीवर चढा. तिथे उमय्या काळातील राजवाडा आहे, आणि त्याच्याशेजारी जमिनीत खोदलेले मोठे गोल टाके. आपल्या डोंगरी किल्ल्यांवर पावसाचे पाणी धरणारी टाकी असतात, त्याच जातीचे. समोर खाली रोमन रंगमंडल दिसते. त्यात सुमारे ६००० माणसे बसत. शहरात हिजाझ रेल्वेचे जुने स्टेशन आहे, तेही चुकवू नका. १९०० साली काम सुरू होऊन १९०८ मध्ये मदीना शरीफपर्यंत पोचलेल्या या रेल्वेसाठी हिंदुस्थानातील मुसलमानांनी वर्गणी गोळा केली होती. आपल्या पणजोबांच्या पिढीतील कोणाचे चार आणे त्या रुळांत असतील, सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तरेस जेराश आणि अजलून. जेराश अम्मानपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. रोमन काळचे अख्खे शहर, खांबांचा रस्ता, लंबगोल चौक आणि रस्त्याच्या कडेला इसवी सन १९१ मधील दगडी कारंजे. पाणी होते म्हणूनच कारंज्याची चैन परवडली. इथल्या डोंगरांत वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणातील माणूस हसेल, कारण तेवढा आपल्याकडे जुलैच्या एका पंधरवड्यात पडून जातो. पण देशाच्या दक्षिण टोकाला तो ५० मिलिमीटरही नसतो. अजलूनचा किल्ला सलाहुद्दीन अय्यूबीच्या सरदाराने ११८४ च्या सुमारास क्रुसेडरांवर नजर ठेवण्यासाठी बांधला. तास-दीड तास पुरे.

तिसरा दिवस रस्त्याचा. अम्मानहून पेट्राला वाळवंटातील हमरस्त्याने तीन-साडेतीन तासांत जाता येते, आणि सहल कंपन्या बहुधा तिकडूनच नेतात. तुम्ही 'राजमार्ग' म्हणून ओळखला जाणारा जुना डोंगरी रस्ता धरा. सारा दिवस जाईल, पण भूगोलाचे पुस्तक तुमच्यासमोर उलगडत जाईल. मादबाच्या चर्चमध्ये जमिनीवर सहाव्या शतकातील रंगीत खड्यांचा नकाशा आहे. त्यात जॉर्डन नदीतील मासे मृत समुद्राचे खारट पाणी पाहून माघारी वळताना दाखवले आहेत. पुढे वादी मुजिबची प्रचंड घळ लागते. रस्ता वळणे घेत तळाशी उतरतो आणि पलीकडून पुन्हा चढतो. नंतर कर्कचा क्रुसेडर किल्ला. कर्कच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर मुअताची रणभूमी आहे. हिजरी ८ मध्ये, म्हणजे इ. स. ६२९ साली, इथे हजरत जैद बिन हारिसा, हजरत जाफर बिन अबी तालिब आणि हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा हे तीन सेनापती एकामागून एक शहीद झाले. जवळच मजार या गावी त्यांच्या कबरी आहेत. घाईत असलात तर कर्कचा किल्ला बाहेरून पाहा, पण फातिहा पढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रात्री वादी मूसाला पोचाल. हजरत मूसा (अ.स.) यांनी काठी मारल्यावर खडकातून पाणी वाहिले ते याच ठिकाणी, असे तेथील लोक मानतात, आणि गावातील झऱ्याला त्यांचेच नाव आहे. हाच झरा पेट्राची किल्ली आहे.

पेट्रासाठी पूर्ण दिवस ठेवा, जमल्यास दुसऱ्या दिवसाची सकाळही. दार उघडताच आत शिरा. सुमारे १२०० मीटर लांबीच्या अरुंद घळीतून चालत जायचे. या घळीला सीक म्हणतात. सगळ्यांचे डोळे पुढे असतात, कारण शेवटी डोंगरात कोरलेली 'खजना' नावाची सुमारे ४० मीटर उंचीची दर्शनी भिंत अचानक समोर येते. तुम्ही मात्र चालताना मुलांना दोन्ही बाजूंच्या कड्यांकडे पाहायला सांगा. एका बाजूला खडकात कोरलेली पन्हळ आहे, दुसऱ्या बाजूला खापराचे नळ बसवल्याच्या खुणा. मूसाच्या झऱ्याचे पाणी नबाती लोकांनी असे शहरात नेले. ज्यांनी छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची, पाणचक्की आणि तिचे खापराचे नळ पाहिले आहेत, त्यांना हे तंत्र ओळखीचे वाटेल. वाळवंटात धूप आणि मसाल्यांचे तांडे हाकणाऱ्या लोकांनी एक-एक थेंब मोजून शहर वसवले. इ. स. १०६ मध्ये रोमने ते गिळले, पुढे व्यापाराच्या वाटा बदलल्या, भूकंप झाले, आणि टाकी गाळाने भरली. खजन्यात खजिना कधीच नव्हता. वरच्या दगडी कलशात सोने असेल म्हणून बद्दूंनी त्यावर झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा मात्र आहेत.

पेट्रा म्हणजेच कुरआन शरीफमध्ये उल्लेख असलेले हिज्र का, असे काही पालक विचारतात. हिज्र सौदी अरबस्तानात मदाइन सालेह येथे आहे. नबाती लोकांनी कोरलेल्या कबरी तिथेही आहेत, म्हणून घोटाळा होतो. अशा जागी जावे की नाही हा प्रश्न आलिमांना विचारा. मी इतिहासाचा शिक्षक म्हणून दोन ठिकाणांतील फरक तेवढा सांगितला.

पाण्याची दुसरी बाजूही मुलांना सांगितलीच पाहिजे. सीकच्या तोंडाशी नबाती लोकांनी बंधारा घालून आणि बोगदा खोदून पुराचे पाणी बाहेर वळवले होते. तो बंधारा मोडून पडला होता, आणि १९६३ साली अचानक आलेल्या पुरात वीसहून अधिक फ्रेंच प्रवासी सीकमध्ये मृत्यू पावले. मग त्याच जागी नवा बंधारा बांधला गेला. २५ ऑक्टोबर २०१८ रोजी तर मृत समुद्राजवळच्या घळीत एका शाळेची सहल पुरात सापडली. २१ जणांचा जीव गेला, त्यांत बरीच शाळकरी मुले होती. त्या शाळेने परवानगी अझरक या दुसऱ्याच ठिकाणाची घेतली होती, असे सरकारने नंतर सांगितले. सहली नेणारा शिक्षक म्हणून ही बातमी मी विसरू शकत नाही. डोंगरात दूर कुठे पाऊस पडतो आणि ऊन असलेल्या घळीत लोंढा येतो. तेव्हा हवामानखात्याचा इशारा असेल त्या दिवशी कोणत्याही घळीत पाऊल टाकू नका, मार्गदर्शक कितीही म्हणो. आणि सहलीचा ठरलेला मार्ग कोणी ऐनवेळी बदलू पाहत असेल, तर पालकांनी कारण विचारावे. त्यात संकोच कसला? आपली दिवाळीची सुट्टी तिथल्या सुखद हवेत येते खरी, पण पुराचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. मे महिन्यात पुराची भीती कमी, पण वादी रम तापलेले. वडीलधारी बरोबर असतील तर मी दिवाळीच पसंत करीन, रोज सकाळी इशारा पाहून.

पैशाचे थोडे. जॉर्डनचा एक दीनार शंभर रुपयांहून बराच महाग आहे. देशात मुक्काम न करता पेट्रा पाहणाऱ्यास ९० दीनार आणि मुक्काम करणाऱ्यास ५० दीनार असा तिकिटाचा दर आहे. 'जॉर्डन पास' ७० दीनारपासून आधीच घेता येतो. त्यात पेट्रासह बहुतेक स्थळे येतात, आणि किमान तीन रात्री राहिल्यास व्हिसाचे ४० दीनारही माफ होतात. निघण्यापूर्वी दर आणि व्हिसाचे नियम पुन्हा पाहून घ्या. पेट्राच्या दारावर घोडा 'फुकट' म्हणून पुढे करतात. तिकिटात तो धरलेला असतो हे खरे, पण उतरताना बक्षिसी मागतात. पाय धड असतील तर चाला.

पाचवी रात्र वादी रममध्ये बद्दूंच्या तंबूत काढा. तिथे पाहण्याचे काही मोजून नाही. खडक, वाळू आणि रात्रीचे आकाश. मुलांना तंबूवाल्याला विचारू द्या, पाणी कुठून येते?

काय गाळले तेही सांगतो. अकबाचा समुद्र गाळला. किनाऱ्यावर वाढलेल्या आपल्या मुलांना समुद्र नवा नाही, पोवळ्यांचे खडक पुढच्या खेपेस. यरमूकच्या खोऱ्यावरचे उम्म कैस गाळले, त्याचे वाईट वाटते. अझरकच्या बाजूचे उमय्या वाडेही गाळले, पण अझरकची गोष्ट मुलांना जरूर सांगा. वाळवंटातील ते पाणथळ अम्मानसाठी इतके उपसले गेले की १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याचे झरे आटले. आज त्याचा थोडासा भाग पाणी सोडून जिवंत ठेवला आहे.

शेवटच्या दिवशी वादी अरबामधून मृत समुद्राच्या काठाने उत्तरेकडे या. पाण्यात सुमारे एक तृतीयांश मीठ आहे, म्हणून पोहता न येणाराही तरंगतो. डोळ्यांत थेंब जाऊ देऊ नका, आणि अंगावर जखम असेल तर काठावरच बसा. जॉर्डन नदीचे पाणी वरच अडवले जात असल्याने या समुद्राची पातळी दरवर्षी एक मीटरहून अधिक घटते. काठावर पूर्वीच्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा दिसतील, त्या मुलांना मोजू द्या. तिथून विमानतळ तासाभराच्या अंतरावर आहे. तरीही तीन तास हाताशी ठेवा, कारण अंगावरचे मीठ उतरायला गोडे पाणीच लागते, आणि त्या नळापाशी रांग असते.